हिरव्यातला संशय

लाल दिवा काढून टाकणार आहेत, हे छाया कातोरेला तिच्या मुलीकडूनच कळलं. तेही घरी नाही. तळघरात, पंपरूमशेजारच्या खोलीत, बावीस जणांच्या देखत.

नागपुरात वर्धा रोडवर 'सप्तपर्ण' नावाचं संकुल आहे. तीन इमारती, प्रत्येकी चौतीस मजल्यांच्या. २०४१च्या फेब्रुवारीत तिथल्या सगळ्या वायरमन, प्लंबर आणि लिफ्टवाल्यांना खाली बोलावलं होतं. कंपनीची माणसं नव्या दिव्यांचं प्रशिक्षण देणार होती. आलेल्या तिघांमध्ये मृण्मयी होती. तिनं आईला आधी सांगितलं नव्हतं.

"आजपासून दारावरच्या दिव्यात लाल रंग असणार नाही," मृण्मयी म्हणाली. "गेल्या वर्षी या शहरातून लाल दिव्याच्या एकतीस हजार तक्रारी आल्या. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा काहीही बिघडलेलं नव्हतं. घरातला गारवा सांभाळणाऱ्या डबीला स्वतःच्या मापाबद्दल शंका आलेली होती, आणि ती शंका ती स्वतःच दूर करते. पण लोक लाल बघतात आणि घाबरतात."

छायानं तिसऱ्या रांगेतून हात वर केला. "मॅडम, मग डबीला शंका आली हे आम्हाला कसं समजायचं?"

मॅडम म्हटल्यावर मृण्मयी क्षणभर अडखळली. "हिरवाच लागेल. फक्त लागोपाठ दोनदा लुकलुकेल, मग थांबेल."

"अन् सगळं ठीक असलं तर?"

"एकदा लुकलुकेल."

"म्हणजे माणसाचा जीव अन् आराम यांच्यात फरक फक्त एका लुकलुकीचा."

मागे कोणीतरी हसलं. मृण्मयीनं पुढचं चित्र लावलं.

नंतर लिफ्टपाशी ती आईला म्हणाली, "सगळ्यांसमोर असं बोलायची गरज होती का?"

"मी प्रश्न विचारला."

"तुला तर फरक दिसेल ना?"

"मला दिसेल. बाकीच्यांचं काय?"

"होईल सवय," मृण्मयी म्हणाली आणि घड्याळाकडे बघितलं. तिला अजून दोन संकुलं करायची होती.

छायाला दिसलाच असता. ती आयटीआयची वायरमन. या कामात सव्वीस वर्षं काढलेली. तिचा नवरा गजानन करोनात गेला तेव्हा मृण्मयी नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की पोर आईच्या कामावर यायची आणि पॅनलरूममध्ये स्टुलावर बसून गृहपाठ करायची. छाया दिवे बघून सांगायची, हा पंप दमला आहे, हा पंखा खोटं बोलतो आहे. कोणता दिवा किती वेळ थांबून लागतो, त्याचा उजेड जरासा मंद आहे का, दोन डब्या एका तालात लुकलुकतात की वेगवेगळ्या, यावरून ती बिघाड ओळखायची. कंपनीची माहितीपुस्तकं ती नंतर वाचायची, आणि बहुतेक वेळा त्यांच्यात चुका काढायची. त्याच पॅनलरूममध्ये वाढलेली मुलगी पुढे शिकली आणि दिव्यांनी काय बोलावं हे ठरवणाऱ्या कंपनीत लागली. छायानं तेव्हा सगळ्या संकुलात पेढे वाटले होते.

*

डबी म्हणजे घराच्या भिंतीवर बसवलेला तळहाताएवढा नियंत्रक. कामगार त्याला डबीच म्हणत. त्या दशकात उन्हाळा एवढा वाढला होता की मे महिन्यात विजेचा वाटा ठरवून दिला जाई: एका इमारतीला इतकीच वीज, त्यातच भागवा. मग गारवा कुणाला द्यायचा आणि कुणाचा काढायचा, हे डब्या आपापसांत ठरवत. नियम सरळ होता. ज्या घरात माणूस आहे तिथं गारवा, रिकाम्या घरात नाही. शंका आली तर डबी टुंग वाजवून विचारते, आणि उत्तर आलं नाही तर घर रिकामं धरून गारवा काढते.

माणूस आहे की नाही, हे डबी तीन गोष्टींवरून ताडते. पहिली हालचाल. दुसरी अंगाची ऊब: भिंतीपेक्षा शरीर गरम असतं, तो फरक तिला दिसतो. तिसरी श्वास. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, बंद खोलीत तो साठत जातो, आणि डबी तो मोजते. पण हे माप हळूहळू घसरतं, जुन्या तराजूसारखं. म्हणून डबीला स्वतःचं शून्य स्वतः लावायला शिकवलेलं असतं. आठ-दहा दिवसांत आलेलं सगळ्यांत कमी माप म्हणजे बाहेरची मोकळी हवा, असं ती धरून चालते. ऑफिसात हे बरोबर बसतं, कारण संध्याकाळी सगळे घरी जातात आणि खोली खरोखर रिकामी होते. ज्या घरातलं माणूस रोज बाहेर पडतं, तिथंही बसतं.

एकोणीसशे तीन नंबरच्या फ्लॅटमध्ये ते बसत नव्हतं. तिथं पद्माकर इंदूरकर राहत. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त भूगोलशिक्षक, एकटे. त्यांना कंपवात होता. पण हात कापण्याऐवजी त्यांचं शरीर आखडत चाललं होतं. एकदा खुर्चीत बसले की दोन-दोन तास तसेच. मार्चपासून धुळीमुळे आणि झळांमुळे खिडक्या बंद. घर कधीच रिकामं नाही, हवा कधीच मोकळी नाही. महिन्याभरात डबीनं त्यांच्या श्वासालाच शून्य धरलं.

छायानं हे शोधून काढलं तेव्हा एप्रिल उजाडला होता. डबी उघडून मापं बघत ती म्हणाली, "सर, हिच्या हिशेबी तुम्ही इथं नाहीच."

इंदूरकर सर सावकाश हसले. त्यांचं हसूही चेहऱ्यावर यायला वेळ लागे. "तरीच. दिवसातून चार वेळा टुंग वाजतं आणि मला उठून 'मी आहे' हे बटण दाबावं लागतं. छत्तीस वर्षं हजेरी घेतली, आता देतो."

"पण उठता नाही आलं तर?"

"तर गैरहजर."

"थट्टा नका करू, सर. अन् खोली तापली की अजून एक घोळ आहे. भिंती अडतीस डिग्रीला गेल्या तर तुमचं अंग अन् भिंत हिला सारखंच दिसतं. म्हणजे गारवा गेला की खोली तापणार, खोली तापली की तुम्ही अजूनच दिसेनासे होणार."

"उत्तम वर्तुळ आहे," सर म्हणाले. "ताक घेणार? फ्रिजमध्ये आहे, तुम्हीच काढा. मी काढेपर्यंत त्याचं दही होईल."

तिनं शून्य आपोआप लावण्याची सोय बंद करायची परवानगी कंपनीकडे मागितली. उत्तर आलं: ती सोय सर्व संकुलांत एकसारखी असून बदलता येत नाही. मग तिनं आपला मार्ग काढला. दर गुरुवारी सकाळी ती एकोणिसाव्या मजल्यावर जाई, सरांच्या खिडक्या वीस मिनिटं उघड्या ठेवी, डबीला खरी हवा दाखवी, आणि शून्य हातानं लावून येई. तेवढ्या वेळात सर तिला नकाशे दाखवत. एकदा म्हणाले, "माझी भाची सुनीती अमरावतीला बोलावते आहे. बघू. मेमध्ये जाईन कदाचित."

*

मे लागला आणि दारावरचे दिवे दोन-दोनदा लुकलुकू लागले. पहिल्या दहा दिवसांत छायानं दोन लुकलुकींवरून तीन घरं उघडली. एका घरात कोणी नव्हतं. दुसऱ्यात एक बाई हेडफोन लावून गाढ झोपली होती, ती किंचाळली. तिसऱ्या घरातल्या जोडप्यानं लेखी तक्रार केली: बेल वाजवून मिनिटभरात, सगळी दारं उघडणाऱ्या मास्टरकार्डानं दार उघडलं, आम्ही काय अवस्थेत आहोत याचा विचार केला नाही.

दार उघडलं की नोंद होते. तिन्ही नोंदींपुढे एकच शेरा आला: अनावश्यक हस्तक्षेप. गुरुवारच्या फेऱ्यांवरही बोट ठेवलं गेलं. व्यवस्थापकानं तिला बोलावून कागद दिला. चौथी नोंद झाली तर काम बंद.

त्याच दिवशी दुपारी मृण्मयीचा फोन आला.

"आई, तुझ्या नावाचे तीन रिपोर्ट माझ्या टेबलावर आहेत."

"मग वाच ते. शंका होती म्हणून उघडलं."

"शंका डबी स्वतः मिटवते. हेच तर आम्ही सगळ्यांना सांगतोय. आणि इथं ऑफिसात काय म्हणतात माहितीये? जिनं हे दिवे ठरवले तिच्या आईचाच त्यांच्यावर विश्वास नाही." मग तिचा आवाज खाली आला. "जूनमध्ये सरकारची मंजुरी आहे. तेवढे दिवस, प्लीज. माझ्यासाठी."

"अन् एकोणीसशे तीनचे सर?"

"त्यांच्याकडे बटण आहे ना, आई."

छायानं 'बरं' म्हटलं. पुढे अनेकदा तिनं स्वतःला विचारलं, की त्या 'बरं'चा अर्थ नक्की काय होता. तिला वाटे, मुलीची समजूत काढायला म्हटलं. पण त्यानंतरच्या गुरुवारी ती वर गेली नाही, हे खरं.

*

एकवीस मे. मंगळवार. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी छाया एकोणिसाव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरली. बाराशे चारमधला पंखा बंद होता, तिकडे जायचं होतं; वर ती फक्त फ्यूज बघायला आली होती. सरांच्या दारावरचा दिवा हिरवा होता. लुकलुक, लुकलुक, थांब. लुकलुक, लुकलुक, थांब.

तिला कळलं. विचार करावा लागला नाही. डबीला शंका आली आहे, गारवा काढून घेतलेला आहे, आणि आत काय आहे ते डबीला माहीत नाही. शिवाय दोन जोड्यांमधला थांबा लांब झाला होता. म्हणजे हे बऱ्याच वेळापासून चाललं होतं.

तिनं बेल दाबली. थांबली. सरांना दारापर्यंत यायला पाच-सहा मिनिटं लागतात, हे तिला ठाऊक होतं. दीड मिनिट झालं. खिशात मास्टरकार्ड होतं. फोन लावावा असं मनात आलं. पण फोन लावला आणि त्यांनी उचलला नाही, तर मग दार उघडावंच लागलं असतं.

ते अमरावतीला गेले असतील, तिनं मनाशी म्हटलं. मेमध्ये जाईन म्हणाले होते. डबी म्हणते घर रिकामं आहे, तर असेलही.

सव्वीस वर्षांत तिनं दिव्याचा सोयीचा अर्थ कधी लावला नव्हता. लिफ्ट आली. ती आत शिरली आणि बाराव्या मजल्यावर जाऊन पंखा दुरुस्त केला.

संध्याकाळी सहा वाजता डबा देणारी बाई खाली आली. "छायाताई, सर दार नाही उघडून राहिले."

दार उघडताच तोंडावर भट्टीसारखी हवा आली. सर खुर्चीत नव्हते. खुर्चीपासून डबीपर्यंत आठ पावलं. त्यांतली पाच ते चालले होते. सतरंजीवर पालथे पडले होते, आणि भिंतीवर डबी अजून अधूनमधून टुंग वाजवून विचारत होती.

*

चौकशी समिती बसली. सगळा प्रश्न दिव्याभोवती फिरत होता. तो दिवा माणसाला वाचता येतो की येत नाही? वाचता येत नसेल, तर कंपनीनं धोक्याची खूण हिरव्यात लपवली, असा अर्थ होत होता. वाचता येत असेल, तर ज्यानं वाचून पाठ फिरवली त्याचा दोष.

साक्षीच्या आदल्या दिवशी बंडू लांजेवार घरी आला. तो छायाच्या शिफ्टचा सुपरवायझर. पाणीही न घेता म्हणाला, "छायाताई, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, हिरवा दिसला. खोटं आहे काय त्यात? हिरवाच होता ना तो!"

"मला समजलं होतं, बंडूभाऊ."

"तुम्हाला समजलं असंल. मला तर अजून दोन अन् एक ओळखू येत नाही. बावीस जणांपैकी विचारा कोणालाही. तुम्ही म्हटलं की नाही समजलं, तर लाल परत येते. राज्यभर येते. लोकं वाचतीन. अन् तुमचं कामही राहीन."

"अन् माझ्या मिनूचं?"

बंडूनं खाली बघितलं. "तिचं ती पाहून घेईन. शिकलेली आहे."

तो गेल्यावर तासाभरानं मृण्मयी आली. डोळे सुजलेले होते. छायानं पोळ्या केल्या, दोघी जेवायला बसल्या, कोणी फारसं खाल्लं नाही.

"मी तुला खोटं बोल असं सांगायला आलेली नाही," मृण्मयी म्हणाली. "उलट. तुला कळलं होतं ना, आई?"

"हो."

"मग तेच सांग. खरं आहे तेच."

छाया तिच्याकडे बघत राहिली. मुलगी काय मागते आहे ते तिला पूर्ण कळलं. खऱ्याचा आधार घेऊन आईला पुढे करते आहे, आणि मागते आहे तेही खरंच आहे.

"अन् तू फोन केला होता, माझ्यासाठी दारं उघडू नको म्हणून? तेही सांगू?"

मृण्मयीनं ताटातला घास परत ठेवला. "त्याचा दिव्याशी काही संबंध नाही."

"नाही?"

"आई, मी एकतीस हजार तक्रारी बघून ते ठरवलं होतं. मी कुणाला मारायला नव्हतं ठरवलं." ती रडू लागली. छायानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि फिरवताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला मुलीची कीव येते आहे, पण ती जवळची वाटत नाहीये.

*

समितीच्या दालनाबाहेर बाकावर सुनीती बसली होती. सरांची भाची. चाळिशीची, साधी, अमरावतीच्या शाळेत शिकवणारी. छायाला बघून ती उठली.

"मामा तुमच्याबद्दल सांगायचे. म्हणायचे, या इमारतीत मी आहे हे फक्त छायाबाईंना माहीत आहे." ती भांडायला आलेली नव्हती. "मला एवढंच कळू दे. त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का?"

छायानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं.

समितीत तिघं होते. अध्यक्ष देवगडे नावाचे निवृत्त इंजिनिअर. कंपनीच्या वकिलांनी टेबलावर एक डबी आणि तिला जोडलेला दारावरचा दिवा ठेवला होता. वकील तरुण आणि अतिशय नम्र होते.

"कातोरेबाई, घाई नाही. हा दिवा बघा आणि काय म्हणतो ते सांगा."

हिरवा. एकदा. "ठीक आहे. घरात माणूस आहे."

"हा?"

"घर रिकामं. पंधरा मिनिटांपूर्वी रिकामं झालं."

"आणि हा?"

लुकलुक, लुकलुक, थांब. छायानं मागं वळून बघितलं. भिंतीशी सुनीती उभी होती. तिच्या शेजारच्या खुर्चीत मृण्मयी मान खाली घालून बसली होती, आणि दाराजवळ बंडू, दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरून.

हिरवा दिसला, एवढं म्हणायचं होतं. दोनच शब्द. तिनं सुनीतीकडे बघितलं आणि तिला ते म्हणता आले नाहीत.

"शंका," ती म्हणाली. "डबीला शंका आहे. घरात माणूस असू शकतो. जाऊन बघायला पाहिजे."

वकिलांनी घड्याळावरून नजर उचलली. "चार सेकंद. एकवीस मे रोजी दुपारी एक दहा वाजता, एकोणीसशे तीनच्या दारावर हीच खूण होती?"

"हो."

"तेव्हाही तुम्हाला अर्थ कळला?"

"हो. कळला होता. मी दार नाही उघडलं. पण साहेब, मी काहून नाही उघडलं ते ऐका. मला कागद मिळाला होता, की चौथ्यांदा उघडलं तर काम बंद. आणि माझ्या मुलीनं मला—"

"सर, हा कौटुंबिक विषय आहे," वकील अध्यक्षांना म्हणाले. "समितीपुढे प्रश्न खुणेच्या वाचनीयतेचा आहे."

देवगडे यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, त्या कागदाची प्रत जोडा. बाकीचं राहू द्या."

प्रत जोडली गेली. अहवालाच्या शेवटी, अकराव्या परिशिष्टात.

बाहेर आल्यावर सुनीती तिच्याजवळ आली नाही. लांबूनच तिनं हात जोडले. ते आभार होते की निरोप, छायाला समजलं नाही.

*

अहवालात लिहिलं होतं की खूण सुस्पष्ट असून संबंधित कर्मचाऱ्यानं ती चार सेकंदांत अचूक ओळखली. दोष व्यक्तीचा. छायाचं लायसन्स पाच वर्षांसाठी रद्द झालं. ऑगस्टमध्ये दिव्यांची तीच पद्धत राज्यभर मान्य झाली, आणि मान्यतेच्या कारणांत पहिलं कारण हे, की ती प्रत्यक्ष घटनेत वाचली गेली. प्रशिक्षणाच्या पुस्तकात हे उदाहरण नाव न घेता छापलं. मृण्मयीला पुण्याच्या मुख्य कार्यालयात वरची जागा मिळाली. निघण्याआधी ती आईला घ्यायला आली होती. "चल माझ्याबरोबर," म्हणाली. छाया म्हणाली, "इथंच बरी आहे." मृण्मयीनं फार आग्रह केला नाही.

छाया मानेवाड्यात एका दुकानात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करू लागली. पंख्याला दिवा नसतो. तो फिरतो किंवा फिरत नाही.

पुढच्या मेमध्ये अकोल्याहून फोन आला. अनोळखी बाईचा आवाज, घसा बसलेला.

"छायाताई काय? मी सुवर्णा तायडे. नागपूरच्या वायरमन लोकांकडून नंबर घेतला तुमचा. इकडं मी वायरमन आहे. आमच्या बिल्डिंगीत दोन म्हाताऱ्या बहिणी गेल्या, ताई. उकाड्यानं. दारासमोरून मी दोनदा गेली. मला हिरवाच दिसला वो. देवाशपथ सांगतो, हिरवाच दिसला. आता साहेब पुस्तक दाखवून राहिले, की नागपूरच्या बाईला चार सेकंदात समजलं, तुला काहून नाही? तुम्हाला कसं समजलं होतं, ताई?"

छायानं रिवाइंडिंगची तार खाली ठेवली. तिनं सुवर्णाला चौकशीची तारीख विचारली आणि मग मृण्मयीला फोन लावला. मुलगी मीटिंगमध्ये होती. तिनं चार वेळा लावला, तेव्हा उचलला गेला.

"मिनू, अकोल्याचं समजलं तुला?"

"हो. फार वाईट झालं."

"लाल परत आण. तुला येते ना आणता?"

"मी एकटी नाही ठरवत, आई. समितीनं पद्धत योग्य ठरवली आहे. पुराव्यावरून."

"कोणत्या पुराव्यावरून?"

मृण्मयी हळूच म्हणाली, "साक्ष तू दिली होतीस, आई. मी नाही."

"तूच म्हणाली होतीस, खरं सांग."

"मग? तू खोटं सांगितलंस का?"

छायानं फोन बंद केला. त्यानंतर बरेच महिने त्या दोघींनी एकमेकींना फोन केला नाही.

चौकशीच्या दिवशी ती सकाळच्या बसनं अकोल्याला गेली. सुवर्णा पंचेचाळिशीची, ठेंगणी, हातात प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली. तिच्या बाजूनं बोलायला दुसरं कोणी आलेलं नव्हतं. समिती वेगळी होती, अध्यक्ष वेगळे. वकील तेच, तितकेच नम्र.

"कातोरेबाई, गेल्या वर्षी आपण विधान केलं होतं की ही खूण आपल्याला कळली. ते विधान खरं होतं का?"

"खरं होतं. पण साहेब, मी सव्वीस वर्षं दिवे बघितले. माझी नजरच तशी झाली होती. ही बाई आधी वायरिंग करायची, हिला दिव्यांवर आणून आठ महिने झाले, तीन इमारती एकटी बघते. ते विधान माझ्याबद्दल होतं. दिव्याबद्दल नव्हतं. दिवा वाईटच आहे. मी त्या वेळीच सांगायला पाहिजे होतं, मला कोणी विचारलं नाही. आता विचारा."

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या भावना समजतात. पण आम्हाला एकच नोंदवायचं आहे. विधान खरं होतं, की खोटं होतं?"

खोटं होतं म्हणावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं सुवर्णाकडे बघितलं. पण गेल्या वर्षीचा व्हिडिओ वकिलांच्या पडद्यावर थांबवून ठेवलेला होता. त्यात तिचंच तोंड अर्धवट उघडं होतं.

"खरं होतं," छाया म्हणाली.

लेखनिकानं टाइप केलं, कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. एकच ओळ होती: साक्षीदाराने आपले पूर्वीचे विधान कायम ठेवले. खाली सहीची जागा.

तिनं सही केली नाही. लेखनिकानं मग कागदावर 'सही करण्यास नकार' असं लिहिलं आणि त्याखाली स्वतःची सही केली. कागद तसाही चालत होता.

बाहेर व्हरांड्यात ऊन पायापर्यंत आलं होतं. छाया काहीतरी बोलायला वळली, पण सुवर्णानंच तिचा दंड धरला आणि तिला सावलीत ओढलं.

"चार वाजताची गाडी आहे ना तुमची?" ती म्हणाली. "निघा, ताई. मला अजून आत बोलावणार आहेत."